दोडक्याचं सलाईन

सेलूला नळ नवव्या दिवशी येतो.
तारीख मी दोडक्याच्या पानांवर वाचते.
सहाव्या दिवशी कडा दुमडतात,
सातव्याला बुडाचं पान पिवळं पडतं,
आठव्याला मी टाकीत वाकून
तांब्याने तळ खरवडते
आणि तो आवाज अख्ख्या गल्लीला कळतो.

मागच्या दारी बारा बाय नऊची जागा.
तीन बाजूंनी पत्रे, चौथीला खैरुन्निसाची भिंत.
एवढ्यात दोन वांगी, एक दोडका, गवारीची ओळ,
आणि वाळकाचा वेल.
तो मी लावलाच नाही,
खरकट्यातून आपला आपण आला.

वांग्यांवर तुराट्या रोवून
ड्यूटीची जुनी पांढरी साडी ताणली आहे.
ऊन तिच्यातून गाळून येतं,
पेज गाळावी तसं.

पहिल्या उन्हाळ्यात मी चुकले.
भर दुपारी वांग्यांनी माना टाकल्या
की बादली घेऊन धावायचे
आणि मुळं शिजवायचे.
मुंजाजी टँकरवाला म्हणाला,
"सिस्टर, झोपलेल्याला कशाला उठवायलात?
सहा वाजता बघा की."
सहाला बघितलं, तर उठून बसलेली,
ताप उतरलेल्या लेकरासारखी.
एकतीस वर्षं वॉर्डात काढली,
आणि हे मला टँकरवाल्याने शिकवावं!

आता तांदळाचं धुवण वांग्याला,
डाळीचं गवारीला.
अंघोळीचं माळव्याला नाही, साबण असतो,
ते अंगणात मारते, धूळ बसते.
दोडक्याला सलाईन:
लग्नाच्या मांडवातून वेचलेली पाण्याची बाटली,
उलटी टांगलेली,
झाकणाला भोक, भोकात कापसाची वात.
मिनिटाला वीस थेंब.
घड्याळ धरून मोजते.
हाताची सवय पेन्शनीत निघत नाही.

मे महिन्यात नर फुलांचा नुसता बाजार,
मादी फूल आठवड्याला एखादं,
देठाशी करंगळीएवढा दोडका घेऊनच आलेलं.
दिवेलागणीला उमलतं.
पण चव्वेचाळीस अंश तापून निवलेल्या
त्या वेळी माशी फिरकत नाही.
मग मीच नर फूल तोडते,
पाकळ्या काढते,
परागाचा गोंडा हलक्या हाताने टेकवते.
भिंतीवरून खैरुन्निसा:
"क्या कर रई जी अंधेरे में?"
"लेबर वॉर्ड," मी म्हणाले.
"रिटायर हुए ना तुम?"

तीन फुलं टेकवली.
दोन पिवळी पडून गळाली.
तिसऱ्याचा वेल भिंत चढला,
पलीकडे उतरला, दिसेनासा झाला.
मी विचारलं नाही.
पलीकडे गेलेलं पलीकडचं.

फक्त भिंतीच्या बुडाशी, वेलाच्या मुळाशी
माती कधी पार वाळली नाही,
आठव्या दिवशीसुद्धा.
मनातल्या मनात मी बाटलीची पाठ थोपटत होते.

एका पहाटे नळाची वाट बघत जागी होते,
तेव्हा भिंतीतल्या जुन्या मोरीच्या भोकातून
पाणी आलं, ओंजळभर, थांबून थांबून.
पलीकडे कोणी हात धुतले,
चूळ भरली, पाय धुतले.
मग शांतता, मग अजान.
तिची वजूची जागा तिथे आहे,
हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

मी गेले तिच्या दारी.
दोडका पडवीच्या आढ्याला टांगलेला,
हातभर लांब, वाळून खडखड,
आतून जाळी.
"भाजीला तोडला नाहीस?"
"बी के वास्ते रखी. तुमकू आधी देती."

परातीत आपटला. काळ्या बिया सांडल्या.
तिने मोजल्या बावन्न,
मी मोजल्या एकोणपन्नास.
परत मोजायला बसलो, तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात ती म्हणाली, कुछ खाये क्या?
मी घरी जाऊन चाचपत
न लावलेल्या वेलाचं वाळूक तोडून आणलं.
तिखट-मीठ लावून खाल्लं, सालीसकट.
थोडं कडू होतं, देठाकडे.